पुस्तक मला आवडलं, तिला लागलं

ताई, आमचा एक वाचनगट आहे. महिन्यातून एकदा जमतो. एकीने पुस्तक सुचवायचं, बाकीच्यांनी वाचून यायचं. या वेळी पाळी माझी होती. मी एक कादंबरी सुचवली. एकोणीस वर्षांची मुलगी, पदरात नुकतं जन्मलेलं बाळ, बाळाच्या बापाने हात वर केलेले. एका म्हाताऱ्या बाईच्या घरातली वरची खोली ती भाड्याने घेते आणि हळूहळू आजूबाजूची माणसं तिची होत जातात. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला गोष्ट संपते. मी रडत रडत वाचली. एका प्रसंगाला तर पुस्तक बाजूला ठेवावं लागलं. पहाटे तीन वाजता घरमालकीण वर येते, काही विचारत नाही, बाळ घेते आणि एवढंच म्हणते, 'जा, डोक्यावरून पाणी घेऊन ये.'

गटात मात्र भलतंच झालं. एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना माझ्यासारखीच आवडली. एकीने 'गुळचट' म्हणून निकालात काढली. एक म्हणाली, असल्या मुलींचं कौतुक करून हे लेखक चुकीचा पायंडा पाडतात. आणि आमच्यातली सगळ्यात लहान, जिचं बाळ आता आठ महिन्यांचं आहे, तिने 'हे पुस्तक खोटं आहे' एवढंच म्हटलं आणि उठून गेली. तिला तर मी मुद्दाम माझी स्वतःची प्रत दिली होती, 'वाच, तुझीच गोष्ट आहे' म्हणून. त्या प्रतीत माझ्या पेन्सिलच्या खुणा आहेत. दहाव्या दिवशी बाळ आईकडे बघून हसतं आणि तिची सगळी भीती पळते, त्या पानाच्या समासात मी 'किती खरं!' असंही लिहिलं होतं. त्या दिवसापासून तिचा गटावर एक मेसेज नाही.

माझी मुलगी तीस वर्षांची आहे. मीही विशीतच आई झाले, म्हणजे मला यातलं कळत नाही असं नाही. मग माझी आवडच हलकी आहे का? तिची माफी मागू का? माझी प्रत परत मागू का? आणि यापुढे पुस्तक सुचवावं की गप्प बसावं?
– एक वाचक

कादंबरी मिळवून वाचली आणि मगच उत्तराला बसले, म्हणून जरा उशीर झाला.

आवडीचा प्रश्न आधी घेते, कारण तो मला फार मोठा वाटत नाही. आपल्या जुन्या साहित्यविचाराने रडण्याला कधी कमी लेखलेलं नाही. भरताने नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले, त्यात करुण आहे. संस्कृत नाटककार भवभूतीने तर 'उत्तररामचरित' या नाटकात तमसा नदीच्या तोंडून सांगून टाकलं की रस एकच, करुण. बाकीची सगळी त्याचीच रूपं. आणि ते नाटक तरी कोणाचं? गरोदरपणी टाकून दिलेल्या, दोन मुलांची आई झालेल्या सीतेचं. तेव्हा तरुण आईच्या दुःखाने डोळे भरून येणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. गटातल्या एकीने नाक मुरडलं म्हणून स्वतःच्या डोळ्यांतल्या पाण्याची लाज वाटून घेऊ नका.

'गुळचट' म्हणणाऱ्या बाईंशी मी निम्मी सहमत आहे, हेही सांगून टाकते. दुसऱ्या प्रकरणात नायिका भाड्याचे पैसे मोजते, ते कमी पडतात, आणि तिथून पुढे भाडं हा विषयच कादंबरीतून नाहीसा होतो. ही मुलगी दिवसभर दुकानात काम करते आणि बाळ टोपलीत शांत झोपलेलं असतं. नवजात बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा अंगावर पितं. या बाळाला बहुधा दुकान बंद झाल्यावरच भूक लागते. शेवटच्या वाढदिवसाला झाडून सगळी पात्रं हजर, बाळाचा बापसुद्धा, डोळ्यांत पश्चात्ताप घेऊन दारात. लेखिकेला एकाही माणसाला वाईट राहू देववलं नाही. अशा ठिकाणी मी पानं भराभर उलटते.

पण तुम्ही जिथे थांबलात तिथे मीही थांबले. घरमालकीण बाळ घेते आणि ती मुलगी नळाखाली जाऊन उभी राहते. पाणी बंद कधी करायचं हेच तिला उमजत नाही, कारण कितीतरी दिवसांत कुठलीच गोष्ट तिने आपल्या मनाने सुरू केलेली नाही की आपल्या मनाने संपवलेली नाही. लेखिका इथे उपदेश करत नाही. घरमालकिणीला स्वतःच्या जुन्या आठवणी सांगायला लावत नाही (तो मोह किती लेखकांना आवरला असता, देव जाणे). दीड पानात प्रसंग आटोपतो आणि म्हातारी खाली निघून जाते. भाडं गिळून टाकणाऱ्या लेखिकेने हे दीड पान लिहिलं आहे, आणि ते चोख लिहिलं आहे. सबंध पुस्तकातली सगळ्यात कसदार जागा तुम्हाला नेमकी सापडली. याला कच्चा वाचक म्हणत नाहीत.

आय. ए. रिचर्ड्‌स या इंग्रज समीक्षकाने विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून कविता वाचायला दिल्या, त्यावर त्यांनी लिहिलेली मतं जमवली आणि 1929 साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या पुस्तकात त्यांची छाननी केली. त्यात भावनेने वाहवत जाणं आणि भावनेला घाबरून अंग चोरणं, हे वाचकाचे दोन्ही दोष त्याने एकाच प्रकरणात शेजारी शेजारी मांडले आहेत. तुमच्या गटात पहिल्या दोषाची चर्चा भरपूर झालेली दिसते. दुसऱ्याचीही व्हायला हरकत नाही.

आता 'असल्या मुलींचं कौतुक' म्हणणाऱ्या बाई. त्यांच्या पूर्वजांनी पुस्तकं जाळलेली आहेत, हे त्यांना कोणीतरी सांगा. एलिझाबेथ गॅस्केल या इंग्रज लेखिकेची 'रूथ' ही कादंबरी 1853 साली आली. कपडे शिवायला शिकणारी एक अनाथ मुलगी, फसवली गेलेली, लग्नाविना आई झालेली. एक पाद्री आणि त्याची बहीण तिला विधवा म्हणवून आपल्या घरात आसरा देतात. गॅस्केल स्वतः पाद्र्याची बायको आणि मुलींची आई. तिने पत्रात लिहून ठेवलंय की ओळखीतल्या दोघांनी पुस्तकाचा पहिला खंड जाळला आणि तिसऱ्याने बायकोला ते वाचायची बंदी केली. आणि ही मंडळी प्रार्थनेला गॅस्केल कुटुंबाच्या शेजारीच बसायची! तुमच्या बैठकीत फक्त कोणी उठून गेलं, त्या मानाने बरंच म्हणायचं.

त्या कादंबरीतली मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट मात्र वेगळीच आहे. शेवटी रूथ तापाच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता मरते. 'जेन एअर'ची लेखिका शार्लट ब्रॉन्टी हिला कथानक आधीच कळलं होतं, आणि तिने गॅस्केलला पत्रातून विचारलं होतं की हिला मरायला कशाला हवं? म्हणजे एक टोळी म्हणते ही बाई पुस्तकात आलीच कशी, आणि दुसरी म्हणते आणलीत तर मारता कशाला. तुमच्या कादंबरीत नायिका मरत नाही. तिला घर मिळतं, माणसं मिळतात, पळालेला बापही परत मिळतो. तेव्हा वाचकाची समजूत घालायला अशा आईला मारावं लागायचं, आता जिंकवावं लागतं. दोन्हीकडे हिशेब चुकता झाला की वाचक निवांत झोपतो. मधली जागा, म्हणजे ती जगली आणि बऱ्याच अंशी दमलेली राहिली, एवढीच गोष्ट लिहायला लेखक आजही बिचकतात. तुमच्या 'गुळचट'वाल्या बाईंना बहुतेक हेच म्हणायचं होतं, पण एका शब्दात उडवून लावण्यात मजा जास्त असते.

खरा विषय ती लहान मुलगी. तुम्ही तिच्याबद्दल चारच वाक्यं लिहिलीत आणि लगेच स्वतःच्या आवडीकडे वळलात, पण पत्राचं सगळं वजन त्या चार वाक्यांत आहे.

तिच्या बाजूने ती प्रत हातात घेऊन बघा. घरात लहान बाळ, झोपेचे तुकडे झालेले, त्यातून वेळ काढून ती वाचायला बसते. देणारीने सांगितलंय, तुझीच गोष्ट आहे. पान उलटत ती दहाव्या दिवसाशी येते. बाळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला टोपलीत आहे, तिथून ते आईकडे बघतं, ओळखीचं हसतं आणि आईची भीती पळून जाते. शेजारी समासात, ओळखीच्या अक्षरात: किती खरं!

हे खरं नाही. दहा दिवसांच्या बाळाला वीत-सव्वा वीत अंतरापलीकडचं नीट दिसतही नाही. झोपेत त्याचे ओठ हलतात, हसल्यासारखं दिसतं, पण ते कोणाकडे बघून नसतं. माणसाकडे बघून आलेलं हसू साधारण सहा ते आठ आठवड्यांनी येतं. हा लेखिकेचा किरकोळ घोटाळा म्हणून मी सोडून दिला असता, पण नेमका हाच काळ सगळ्यात अवघड असतो. तुम्ही रात्रंदिवस उठता, पाजता, बदलता, थोपटता, आणि समोरून पोच म्हणून काही येत नाही, फक्त रडणं येतं. आपण काय चुकतोय, याला आपण आवडत तरी आहोत का, असले वेडे प्रश्न त्या काळात पडतात. लेखिकेने हसू पाच-सहा आठवडे अलीकडे ओढलं आणि तेवढे सगळे आठवडे पुसून टाकले. तुमच्या मैत्रिणीने ते एकेक रात्र करून काढलेत, आणि तिच्या हातातलं पुस्तक सांगतंय की चांगल्या आईचं काम दहा दिवसांत भागतं. वर तुमची सही.

तुम्हाला तो प्रसंग खोटा का वाटला नाही? तुमची मुलगी तीस वर्षांची आहे म्हणून. हा टोमणा समजू नका. तीस वर्षांत त्या रात्री आठवणीत आक्रसतात आणि हसू फुगतं. तुम्हाला विचारलं तर तुमची मुलगीही दहाव्या दिवशीच हसली होती असं तुम्ही शपथेवर सांगाल.

अभिनवगुप्त या काश्मिरी आचार्याने, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी, रसास्वादात येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. पहिलं विघ्न, समोर मांडलेलं संभवनीयच न वाटणं. आणखी एक, 'निजसुखादिविवशीभाव': प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात इतका बुडालेला असणं की समोरच्याचं सुखदुःख त्याच्यापर्यंत पोचूच नये. तुमच्या गटातल्या एखादीला ही यादी मिळाली तर ती पटकन म्हणेल, बघा, ती लहान मुलगी आपल्याच त्रासात आहे, म्हणून तिला पुस्तक भिडलं नाही. मला हे मान्य नाही. तिच्या बाबतीत दुसऱ्या विघ्नाच्या आड पहिलं दडलेलं आहे. ती त्रासात आहे म्हणूनच तिला न संभवणारी जागा दिसली. तुम्हाला, शिक्षिकाबाईंना, 'गुळचट' म्हणणारीलासुद्धा ती दिसली नाही. लेखिका जर तरुण आईबद्दल लिहिते आहे, तर गटातली एकुलती एक तरुण आई ही त्या दिवशीची सगळ्यात जाणकार वाचक होती. तिला बोलायला मिळालं एक वाक्य. त्यावर कोणी 'कुठलं पान?' असं विचारलं का? पत्रात तरी तसं दिसत नाही.

तर आता काय करायचं.

माफी मागा, पण पुस्तकाबद्दल नको. पुस्तक तुम्हाला आवडलं, आवडू दे. माफी मागायची ती 'तुझीच गोष्ट आहे' या वाक्याची. फोन नको, गटावर तर मुळीच नको. तिला एकटीला दोन ओळींचा निरोप पाठवा: 'तुझी गोष्ट काय आहे हे न विचारताच मी तुला ती सांगायला गेले. दहाव्या दिवसाच्या पानावर मी जे लिहिलंय ते तीस वर्षांनंतरच्या बाईने लिहिलंय.' एवढंच. पुढे 'माझ्या वेळी' हे शब्द आले की निरोप खोडा आणि पुन्हा लिहा. उत्तराची वाट बघत फोन हातात धरून बसू नका. आठ महिन्यांच्या बाळाच्या आईला उत्तर सुचतं तेव्हा तिचे हात मोकळे नसतात.

मग, चार-आठ दिवसांनी, तिच्या सोयीची वेळ विचारून अर्धा-पाऊण तास तिच्याकडे जा. पुस्तकावर बोलायला नाही. बाळ घ्यायला. कादंबरीतल्या ज्या प्रसंगाने तुम्हाला रडवलं त्यात म्हातारी नेमकं एवढंच करते, आणि मला शंका आहे (तुम्ही लिहिलेलं नाही, माझा अंदाज) की तुमच्या विशीत असं कोणी वर आलं नव्हतं. तो अंदाज बरोबर असेल तर तुम्ही का रडलात हे तुम्हालाच माहीत आहे, आणि ती गोष्ट तुमची आहे. ती सांगायची असेल तर कधीतरी सांगा, त्या दिवशी नको.

तिथे गेल्यावर एका गोष्टीकडे लक्ष असू द्या. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोनेक आठवड्यांत रडू येणं, उदास वाटणं फार जणींना होतं आणि बहुतेकींचं आपोआप ओसरतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे बाळंतपणानंतर सुमारे 13 टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, त्यात मुख्यतः नैराश्य, आणि ते वर्षभरात केव्हाही डोकं वर काढू शकतं. बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, आपण नसतो तर बरं झालं असतं असलं काही ती बोलत असेल, तर समजूत घालत बसू नका. घरच्यांना सांगा, डॉक्टरकडे न्या, सोबत जा. यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. मात्र एक उलटी काळजीही घ्या. पुस्तक आवडलं नाही म्हणजे बाई आजारी, असा निष्कर्ष गटात कोणी काढू लागलं तर तिथल्या तिथे गप्प करा. ती कदाचित फक्त नीट वाचणारी असेल.

प्रत परत मागू नका. ती देईल तेव्हा देईल, फेकून दिली असेल तर तो तिचा हक्क. स्वतःजवळ असावीशी वाटत असेल तर दुसरी विकत घ्या.

आणि पुस्तकं सुचवणं कशाला थांबवायचं? एका पुस्तकावर चार बायकांची चार मतं पडली, म्हणजे पुस्तक गटासाठी उत्तम निवडलं होतं. फसली ती चर्चा, कारण प्रत्येकीने निकाल दिला आणि पान कोणीच उघडलं नाही. पुढच्या वेळी नियम करा की बोलायचं असेल तिने एक पान घेऊन यायचं, आवडलेलं किंवा टोचलेलं, ते मोठ्याने वाचायचं आणि मग बोलायचं. शिक्षिकाबाईंना पहिल्यांदा बोलू देऊ नका, बाकीच्या वर्गात बसल्यासारख्या माना डोलावतील. 'गुळचट'वाल्या बाईंनी भाड्याचं पान आणलं तर त्यांना मान द्या, तो मुद्दा पक्का आहे. पायंड्याची काळजी वाटणाऱ्या बाईंना पान सापडायला जरा वेळ लागेल. लागू द्या.